ज्युल्याच्या लग्नाला हरकत

ज्युलियस तुस्कानोला कुणी गंभीरपणे घ्यावं अशी खुद्द ज्युलियसचीही फारशी अपेक्षा नव्हती. आरशात बघून दाढी करताना त्याला स्वतःलाच कधीकधी हसू फुटे आणि गालाला वस्तरा लागे. लांबलचक मान, तिच्यात वरखाली धावणारी गळ्याची घाटी, दोन्ही बाजूंना उघड्या खिडकीसारखे कान आणि या सगळ्याच्या मधोमध माफी मागत उभं असलेलं एक बिचारं नाक. देवाने आपल्याला शनिवारी संध्याकाळी, काम आवरता आवरता, उरल्यासुरल्या सामानातून उभं केलं असावं, असं तो म्हणायचा. आई, कॅथरीन, त्यावर रागवायची; पण देवाची बाजू घेताना तिलाही फारसं काही सुचत नसे.

बाप लवकर गेला. वाडीत केळी, पानवेल आणि चार वाफे भाजीचे. सकाळी शिंपणं, मग वसईतल्या 'होळी' नावाच्या बाजारात भाजी नेऊन टाकणं, असं त्याचं आयुष्य सरळ चाललं असतं. पण एकेचाळीस साली देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, सणाला जे नाटक बसलं त्यात जल्लादाचं काम करणारा मुलगा तापाने आडवा झाला आणि नाटक बसवणाऱ्या मास्तरांची नजर ज्युलियसच्या उंचीवर गेली.

सणाला दरवर्षी कुठल्यातरी संताच्या चरित्राचं नाटक व्हायचं. तेव्हा युद्धामुळे रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून गावाने नाटक दिवसाढवळ्या, दुपारच्या जेवणानंतर ठेवलं. पडदा म्हणून पाचूबंदरच्या कोळ्यांकडून होडीचं शीड मागून आणलं होतं, त्यामुळे रोमचा राजवाडा सुक्या बोंबलाचा वास मारत होता. शेवटच्या अंकात संताचं डोकं उडवायचं. संत मान खाली घालून गुडघ्यांवर बसला, बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि ज्युलियसने तलवार जोशात वर नेली ती मांडवाच्या बांबूवर आपटून मोडली. हातात नुसती मूठ राहिली. लोक बघतायत, संत वाट बघतोय. ज्युलियसने खाली वाकून हळूच विचारलं, आता काय करू? संत म्हणाला, गळा दाब. हे पुढच्या चार रांगांना स्वच्छ ऐकू गेलं.

मास्तर महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी नाटकाची तयारी सुरू झाली तेव्हा लोक संत कोणता आहे ते विचारेनात, तो मोडक्या तलवारीवाला आहे ना, एवढंच विचारू लागले. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि दोन अंकांच्या मध्ये ज्युलियससाठी एक फार्स घातला. ज्युलियसला खरं तर राजा व्हायचं होतं. निदान सेनापती. त्याने घरी कंबरेला आईचं लुगडं गुंडाळून सेनापतीची चाल बसवली होती, आणि ती बघून आईने चुलीवरचं कालवण करपवलं होतं.

एकदा तो गिरगावातल्या एका नाटक कंपनीत नशीब काढायलाही जाऊन आला. मॅनेजरने त्याला दूताचं काम करून दाखवायला सांगितलं. धावत यायचं आणि म्हणायचं, महाराज, घात झाला. ज्युलियस धावत आला, म्हणाला, आणि मॅनेजरला इतकं हसू आलं की तोंडातला विडा सांभाळता सांभाळता त्याची पंचाईत झाली. ज्युलियसला वाटलं, आपलं काम झालं. मॅनेजरने डोळे पुसले आणि सांगितलं की विनोदी नटाची जागा आपल्या मेव्हण्याकडे आहे, आणि तो अजून बरीच वर्षं जगेल असं दिसतंय. ज्युलियस संध्याकाळच्या आत वसईला परत आला आणि केळीला पाणी लावलं.

पुढे त्याने स्वतःचाच एक फार्स रचला, आणि तोच त्याच्या नशिबाला चिकटला. आमच्याकडे लग्नाआधी ओळीने तीन रविवार देवळात पुकारा होतो. अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी, यांचं लग्न ठरलं आहे, कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर पुढे येऊन सांगावी, असं फादर वाचतात. सगळे गुडघे चोळत ऐकतात आणि कुणी काही बोलत नाही. ज्युलियसच्या फार्समध्ये पास्कू नावाचा एक नवरदेव होता, आणि त्याच्या पुकाऱ्याला दर वेळी कुणी ना कुणी उठायचं. पहिल्या रविवारी न्हावी, दुसऱ्या रविवारी शेजारीण, तिसऱ्या रविवारी खुद्द पास्कूची आई. ज्युलियस पास्कू व्हायचा. नाव पुकारलं की तो आवंढा गिळायचा. घाटी वर जायची, तिथेच अडकायची, कान लाल व्हायचे आणि डोळे हळूहळू फादरकडून लोकांकडे वळायचे. बस, एवढंच. ते तोंड बघून सबंध मांडव एकसाथ ओरडायचा, "हरकत हाय, फादर!"

अर्नाळ्यापासून पापडीपर्यंत ज्या ज्या गावात सण असेल तिथे पास्कूला बोलावणं असे. ओरडण्यात लहान मुलं, म्हाताऱ्या, सगळे सामील. ज्युलियस विंगेत उभा राहून लोकांचं हसणं आवाजावरून ओळखायला शिकला. कोण फुसकन हसतं, कोण ठसक्याने, कोण शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारून. आपल्या गावच्या सणाला तर दरवर्षी मांडवाबाहेरून, केळीच्या गचपणामागून, एक आवाज सगळ्यांच्या अर्धा श्वास आधी यायचा. फाटका, वर जाऊन मध्येच चिरकणारा. तो कुणाचा ते त्याला कळलं नव्हतं. पण त्याच्या ओरडण्यावर बाकीच्यांना जोर चढायचा म्हणून ज्युलियसला तो फार प्रिय होता.

अशा माणसाला मुलगी कोण देणार? कॅथरीनने चार आळ्या पालथ्या घातल्या. लोक तिचं स्वागत करायचे, केळी पुढे ठेवायचे, फार्समधल्या गोष्टी आठवून हसायचे आणि मग मुलगी लहान आहे म्हणायचे. एका घरी तर मुलगी ज्युलियसपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती, तरी लहान होती. ज्युलियस बत्तीस वर्षांचा झाला. आपल्याला हरकत घ्यायला आता नाटकाची गरज उरली नाही, असं तो आईला म्हणाला, आणि आई त्या दिवशी हसली नाही.

आणि मग ऑगस्टीन मिनेझच्या रोझलीनने हो म्हटलं. ऑगस्टीन म्हणजे गावातलं करडं प्रस्थ. संध्याकाळी आळीतल्या क्रुसापाशी, आमच्या बोलीत कुरसापाशी, रोजरीची प्रार्थना खालच्या, एकसुरी आवाजात सांगायला तोच पुढे, आणि कुणी मध्ये जांभई दिली तरी त्याचे डोळे त्या दिशेला वळायचे. फार्स म्हणजे रिकामटेकड्यांचे चाळे, आपण असल्या ठिकाणी पाऊल टाकत नाही, हे त्याने गावाला अनेकदा ऐकवलं होतं. त्याची मुलगी ज्युलियसला हो म्हणाली आणि त्यानेही, खालमानेने का होईना, होकार भरला, याचं गावाला नवल वाटलं. ज्युलियसला सर्वांत जास्त. रोझलीनने हो का म्हटलं हे विचारायची त्याची छाती झाली नाही. उगाच विचारायला जावं आणि तिने पुन्हा विचार करावा, ही भीती.

त्रेपन्न सालच्या जानेवारीत पहिला पुकारा झाला. उपासकाळ तोंडावर होता. एकदा उपासकाळ लागला की ईस्टरपर्यंत लग्नं बंद, म्हणून घाई होती. त्यात गावात नवे फादर आलेले, शिस्तीचे, आणि त्यांनी पास्कू कधी पाहिला नव्हता. ज्युलियस पुरुषांच्या बाजूला, नवा कोट घालून, तिसऱ्या बाकावर बसला होता. फादरांनी वाचलं: ज्युलियस तुस्कानो आणि रोझलीन मिनेझ.

कुठेतरी एक बाई खुदकन हसली. तिचा दोष नव्हता. सहा वर्षं ती हेच ऐकून हसत आली होती. मग दुसरी हसली. सगळ्यांच्या माना ज्युलियसकडे वळल्या, आणि इथे ज्युलियसने आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. त्याने आवंढा गिळला. मुद्दाम नाही, पण माना वळल्या की घाटी वर जायची तिला सवयच लागली होती. घाटी गेली, अडकली, कान लाल झाले, डोळे फादरांकडून लोकांकडे वळले. आणि सगळ्यांच्या पाठीमागून, शेवटच्या बाकावरून फाटका, चिरकता आवाज आला, "हरकत हाय, फादर!"

देवळात असा हशा पिकला की वरची कबुतरं उडाली. फादर हसले नाहीत. ते हशा थांबेपर्यंत उभे राहिले आणि मग म्हणाले की आक्षेप आला आहे. ज्याने घेतला त्याने माझ्यापुढे येऊन कारण सांगावं. तोवर हा पुकारा रद्द समजावा. 

आता कोण पुढे येणार? फादरांचा चेहरा बघून सगळे मूग गिळून बसले. त्याच संध्याकाळी ऑगस्टीनने निरोप धाडला की माझ्या मुलीचं भर देवळात हसं झालं. उपासकाळाआधी हे निस्तरलं नाही तर सोयरीक मोडली समजा. नंदाखाल गावच्या एका घरातून रोझलीनला आधीच विचारणा आली होती. मुलगा रेल्वेत होता आणि त्याच्या कानांबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

ज्युलियस घरोघर फिरला. कुणीतरी कबूल व्हावं म्हणून हात जोडले. लोकांनी त्याला बसवून चहा दिला. मी नाही रे, म्हणाले, पण काय वेळ साधलीस, घाटी अशी कधीच अडकली नव्हती. एकाने तर पुढच्या रविवारी पण करणार का, असं विचारलं, म्हणजे पापडीच्या पाहुण्यांना बोलावता येईल. ज्युलियस आता काकुळतीला आला होता, आणि त्याचं काकुळतीला येणं लोकांना फार आवडत होतं. गड्या, आतापर्यंत तू यांना हसवलंस, आता भोग, असं स्वतःला सांगत तो घरी आला. त्याला जेवण गेलं नाही.

शेवटी त्याने ऑगस्टीनचेच पाय धरायचं ठरवलं. थोडी मुदत द्या म्हणायचं. तो वाडीत पोचला तेव्हा ऑगस्टीन पाठमोरा होता. रहाटाला जुंपलेला रेडा मध्येच थांबला होता आणि ऑगस्टीन त्याच्यावर ओरडत होता. आवाज वर गेला आणि चिरकला.

ज्युलियस जागच्या जागी थांबला. सहा वर्षं केळीमागून ऐकलेला आवाज, विंगेत ज्याची वाट बघायची तो आवाज, देवळातल्या मागच्या बाकावरचा आवाज, त्या रेड्यावर ओरडत होता. ऑगस्टीनने वळून पाहिलं. ज्युलियसच्या तोंडावर कधी काही लपलं नाही, तेव्हाही लपलं नाही. ऑगस्टीनची मान हळूहळू खाली गेली. त्याला पुन्हा रेड्याकडे वळायचं होतं, पण रेडा तोवर आपणहून चालायला लागला होता, त्यामुळे तीही सोय राहिली नाही.

"पानी घे," ऑगस्टीन म्हणाला.

ज्युलियसने पाणी घेतलं आणि मुदत न मागताच निघाला. वाटेत त्याला पहिल्यांदा राग आला. कसला हा माणूस! लपून बघतो, लपून हसतो, सवयीने ओरडतो आणि वर सोयरीक मोडतो म्हणून डोळे वटारतो. फादरांकडे जाऊन नाव घेतलं की विषय संपला. पण मग संध्याकाळी कुरसापाशी ऑगस्टीन रोजरी सांगायला उभा राहिला की पोरं ओरडणार, हरकत हाय. रोज. मरेपर्यंत. हसं होऊन जगणं म्हणजे काय हे गावात ज्युलियसइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याला जमून गेलं होतं, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. ऑगस्टीनला जमलं नसतं.

तो फादरांकडे गेला आणि म्हणाला, ओरडणारा मीच. आवाज बदलून, मागून आल्यासारखा वाटेल असा ओरडलो. सवय, फादर.

फादरांनी जास्त खोदून विचारलं नाही. सरळ शिक्षा सांगितली. येत्या रविवारच्या मिसाच्या प्रार्थनेला पेटती मेणबत्ती हातात धरून वेदीपुढे सबंध वेळ गुडघ्यांवर, आणि तो फार्स पुन्हा कधीही नाही. त्यानंतरच्या रविवारपासून पुकारा नव्याने सुरू होईल, उपासकाळाआधी बसतो का ते पाहू. ज्युलियसने दोन्ही मान्य केलं. फार्स सोडताना आपल्याला जास्त दुःख व्हायला हवं होतं, असं त्याला वाटून गेलं.

दुःख झालं ते वेगळ्याच गोष्टीचं. गावात एकानेही शंका घेतली नाही. तोच असणार, नटाला आवाज कुठूनही काढता येतो, म्हणाले. आई म्हणाली, मला वाटलंच. स्वतःच्याच लग्नाला हरकत घेणारा माणूस म्हणून त्याची कीर्ती अर्नाळ्यापर्यंत गेली. मेणबत्तीच्या रविवारी मागून दबकं हसू येत राहिलं आणि मेण बोटांवर ओघळत राहिलं. चटका बसला की तोंड वाकडं व्हायचं, म्हणून तो बोटं हलवेना.

रोझलीन दुसऱ्या दिवशी होळीच्या बाजारात भेटली. मोगऱ्याची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. ज्युलियसने भाजीचं ओझं उतरवलं आणि ततपप करत माफी मागायला लागला. तिने त्याला पुरतं बोलू दिलं नाही.

"बाच्या आवाजाला मी वळखत नाय?" ती म्हणाली. "रोज उठून ऐकते. दोघांतला एक तरी खरं बोलेल म्हनून वाट बघत होते."

 तिने त्याच्या बोटांकडे बघितलं, टोपलीवरचा ओला फडका काढून त्याच्या हातात दिला, आणि म्हणाली की बा दोन दिवस जेवला नाही. पुढच्या पुकाऱ्याला तोंड वेडंवाकडं केलं तर मात्र ती स्वतः उठून हरकत घेणार होती, आणि ती काही फार्स करत नव्हती.

पहिला रविवार पार पडला. ज्युलियस जमिनीकडे बघत राहिला. दुसऱ्या रविवारी त्याने दातांत रुमाल धरला. लोक वाट बघून कंटाळले. तिसरा रविवार उपासकाळाच्या आधीचा शेवटचा होता, आणि देऊळ नेहमीपेक्षा भरलेलं होतं, कारण पास्कूची आई तिसऱ्या रविवारी उठायची हे सगळ्यांना पाठ होतं. काही जण तर कॅथरीनकडेच बघत होते. ती बिचारी माळ ओढत बसली होती.

फादरांनी नावं वाचली. कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर सांगावी, म्हणाले, आणि या वेळी जरा जास्तच थांबले. ज्युलियसने आवंढा अर्ध्यावर धरून ठेवला. एवढं अवघड काम त्याने कधी केलं नव्हतं.

मागच्या बाजूला बाक करकरला. ऑगस्टीन उठून उभा राहिला होता. टोपी त्याच्या हातात होती. असं उठायची रीत नव्हती. हरकत नसेल तर गप्प बसायचं, एवढीच रीत.

"माझी हरकत नाय, फादर," तो म्हणाला. मोठ्याने, मुद्दाम मोठ्याने. आवाज वर गेला आणि चिरकला.

 मग एकेका चेहऱ्यावर उजेड पडत गेला. त्या आवाजाला न ओळखणारा एकही माणूस तिथे नव्हता. फादरांनी ऑगस्टीनकडे बघितलं, मग ज्युलियसकडे, मग पुन्हा ऑगस्टीनकडे, आणि कागद हळूच घडी करून ठेवला. ऑगस्टीन खाली बसला नाही. गावाला काय हसायचं ते हसू दे म्हणून उभाच राहिला.

ज्युलियसला तेवढं सोसलं नाही. त्याला रडू आलं. त्याच्यासाठी कुणीतरी असं उभं राहावं, याची त्याला सवय नव्हती. त्याने ते आवरायचा प्रयत्न केला, आणि आवरताना घाटी वर गेली, कान लाल झाले, ओठ एकीकडे आणि नाक दुसरीकडे गेलं, आणि मागे वळून ऑगस्टीनकडे बघताना ते तोंड सबंध देवळाला दिसलं. मग जे हसू फुटलं ते थांबेना. ऑगस्टीनला सगळे विसरले. म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. फादरांनीही तोंडापुढे हात धरला.

पुढे कितीतरी वर्षं, तो दोन मुलांचा बाप झाला, कान अजून बाहेर आले, तरी बाजारात कुणी ना कुणी त्याला थांबवायचं. ज्युल्या, त्या दिवशीचं रडण्याचं सोंग, ते सगळ्यात भारी. ज्युलियस मान डोलवून आभार मानायचा. कौतुक परत करायची नटाला सोय नसते. बायकांच्या बाजूला, पुढून दुसऱ्या रांगेत, एकटी रोझलीन त्या दिवशी हसली नव्हती. ती डोळे पुसत होती. ते त्याने पाहिलं होतं, आणि ते कुणाला सांगायची त्याला कधी गरज वाटली नाही.